घटपर्णीचा घास

येलहंका जुने गाव, बेंगळूर
२४ ऑगस्ट २०२५, रविवार

ती. श्यामलाअक्का,

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. मी गच्चीवर आहे. डाव्या हातात बटर पेपर धरून उजव्या हाताच्या बोटाने फुलोऱ्यावर हलक्या टिचक्या मारल्या. जे पिवळे पराग पडले ते सोबतच्या पुडीत आहेत. पुडीत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पिशवी घातली आहे, ओल धरू नये म्हणून. मिळाल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नको.

तुमचे ११ ऑगस्टचे पत्र अप्पांच्या नावाने आले होते. ते मी उघडले. २०१९ साली पाचगणीहून आम्ही नेलेल्या मोठ्या घटपर्णीला फुलोरा आला का, आणि आला असल्यास ती नर की मादी, असे तुम्ही विचारले होते. फुलोरा आला आहे. नर आहे. तुमची मादी फुलली आहे आणि तुमच्याकडचा नर मागच्या वर्षी गेला, हे वाचले. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि फुलल्याशिवाय कोण काय ते कळत नाही, हे तेव्हा तुम्हीच सांगितले होते. परतताना अप्पा बसमध्ये म्हणाले होते, "म्हणजे सात वर्षं बारसं नाही."

झाड चांगले आहे. पाच सुरया आहेत. (पानाच्या टोकाला लोंबते त्या पेल्याला आमच्या घरात सुरई म्हणतात.) सर्वांत मोठीत माझा हात मनगटापर्यंत जातो.

मी अजून हीच झाडे विकतो. मोठी नाहीत, माशी पकडणारी लहान, आणि चिकट पानांचे दवबिंदू. कोरमंगल्याच्या ऑफिसांतली मुले टेबलावर ठेवायला नेतात, नळाचे पाणी घालून मारतात आणि पुन्हा न्यायला येतात. त्यावर चालते.

पराग देणाऱ्याला अर्धे बी, ही रीत तुम्ही कळवली. ती मला मान्य आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून सर्व लिहिले. काही राहिले असल्यास विचारावे.

आपला,
अभिराज

•

पाचगणी
२ सप्टेंबर २०२५

चि. अभिराज,

पुडी मिळाली. त्याच दुपारी मुलीचा जुना रंगाचा ब्रश घेऊन बसले आणि फुलाफुलाला हात लावला. पोस्टमन जाळीबाहेर उभा राहून बघत होता. म्हणाला, "आजी, काय चाललंय?" मी म्हटलं, "लग्न." तो पुढं काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही.

तुझं अक्षर छान झालंय. पण पत्राखाली तुझ्या अप्पांची, विश्वासरावांची ओळ नाही. दरवेळी असते: "टँकरवाल्याचा नमस्कार, पाणी विकत, गप्पा फुकट." या खेपेला काय झालं? झाडाचे माझे तीन हजार राहिलेत म्हणून तोंड लपवताहेत का? त्यांना सांग, मी विसरले नाही आणि मागतही नाही.

ते झाड न्यायला आले होते ते दिवस मला आठवतात. बसमध्ये झाडासाठी वेगळं तिकीट काढलं होतं त्यांनी. कंडक्टरनं विचारलं, "ह्या सीटवर कोण?" तर म्हणाले, "मुलगी आहे, घाटात लागतं तिला." तूच लिहिलं होतंस मला, पोचल्यावर. तेरा-चौदाचा नाही, चांगला अठराचा होतास, पण कुंडी मांडीवर घेऊन रडवेला बसला होतास, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. आता मुलगी नर निघाली, हेही त्यांना सांग. हसतील.

तुझ्या आईला, मथुरावहिनींना नमस्कार. पुढल्या वर्षी पुन्हा पराग लागतील, आत्ताच सांगून ठेवते.

श्यामला

•

येलहंका
९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

ती. श्यामलाअक्का,

सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. दुकानात पाठवायची तीन खोकी बांधून झाली. आता लिहीत आहे.

अप्पा ३ जुलै २०२४ रोजी गेले. दोड्डबळ्ळापूर रस्त्यावर टँकर कडेला लावलेला होता. इंजिन चालू होते. चहावाल्याला वाटले ते डुलकी घेत आहेत. पाणी एका लग्नाच्या हॉलला जायचे होते. ते दुसऱ्या ड्रायव्हरने नेऊन दिले.

तुम्हाला कळवायचे राहिले. मुद्दाम नाही. एकदा पत्र लिहिले होते, पण त्यात एकच वाक्य झाले, म्हणून पाठवले नाही.

टँकर विकला, पण त्याच्यावरचे कर्ज विकून आलेल्या पैशांपेक्षा जास्त होते. अजून अठ्ठावन्न हजार आहे. म्हणून दुसरी गोष्टही सांगतो. पुढल्या वर्षी पराग पाठवता येणार नाहीत. झाड विकले आहे. कोरमंगल्यात तनय म्हणून पुण्याचे एक गृहस्थ आहेत, कंपनीत आहेत, अशी झाडे जमवतात. पासष्ट हजार ठरले. वीस हजार आगाऊ दिले, ते कर्जात भरले. ते १ नोव्हेंबरला झाड न्यायला येणार आहेत. झाड तेव्हा निरोगी पाहिजे, आणि निदान तीन सुरया धड पाहिजेत, असे ठरले आहे.

आईला हे सांगितलेले नाही. ती फार बोलत नाही. संध्याकाळी एकदा जेवते, तेही मी ताट वाढून समोर ठेवले तर. गच्चीवर येत नाही. अप्पा सकाळची पहिली खेप टाकून आले की टँकरच्या केबिनमध्ये सापडलेला नाकतोडा नाहीतर झुरळ हाताने सुरईत सोडत आणि म्हणत, "जेव बाळा." आई खालून ओरडायची, "हात धुवा." ते सर्व बंद आहे.

मुलगी नर निघाली, हे कोणाला सांगायचे राहिले आहे. मी आईला सांगितले. तिने मान हलवली.

आपला,
अभिराज

•

पाचगणी
१५ सप्टेंबर २०२५

चि. अभिराज,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस झाडांना पाणीच घातलं नाही. नंतर लक्षात आलं.

वर्षभर मी त्यांच्या नावानं पत्रं टाकत होते, तीन हजारांवरून चेष्टा करत होते. तू ती वाचत होतास.

झाड तुमचं आहे, तुम्ही विका. मला विचारायची गरज नाही. पण वहिनींना विचार. न विचारता नेलेल्या गोष्टीची जागा घरात फार दिवस रिकामी दिसते. माझ्या यजमानांची सायकल मुलानं अशीच देऊन टाकली. अजून मी व्हरांड्यातून जाताना तिथे अंग चोरून जाते.

रविवारी अमावास्या आहे. तुमच्याकडे पितरांचं पान वाढत असाल. खालच्या ओळी वहिनींसाठी आहेत, वाचून दाखव.

मथुरावहिनी, नमस्कार. ह्यांच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे कावळा आलाच नाही. दुपारी तीनपर्यंत ताटकळले. मग शेजारच्या बाई म्हणाल्या, कावळ्याचं काय एवढं, त्यांच्या हातचं कोण खात होतं ते बघा आणि त्याला द्या. आमच्याकडे एक लंगडं कुत्रं होतं, ह्यांच्या हातचंच खायचं. त्याला दिलं. मग मी जेवले. तुमच्याकडे कावळा नाही आला तर तुम्हीही उपाशी बसू नका.

श्यामला

•

येलहंका
१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

ती. श्यामलाअक्का,

सकाळचे सात. आत्ताच पाण्याचा टीडीएस मोजला. बारा आहे. म्हणजे पाणी शुद्ध आहे. हे आधी लिहितो, कारण पुढे तुम्ही तेच विचाराल.

अमावास्येला गच्चीवर पान वाढले. भात, वडे, मटण, पायस. अप्पांना मटण लागायचे. कावळा आला नाही. आमच्या गल्लीत आता कबुतरेच आहेत. ती येऊन कठड्यावर बसली. आई त्यांना पदराने हाकलत होती. साडेबाराला मी तुमच्या ओळी तिला वाचून दाखवल्या. तिने पुन्हा वाचायला सांगितले. मग "सरी" (म्हणजे बरं) म्हणाली आणि पान उचलून घेतले. मी खाली गिऱ्हाईक आले म्हणून गेलो. परत आलो तर पान धुऊन ठेवलेले होते.

आता झाडाचे. २६ तारखेला सर्वांत मोठी सुरई आतून काळी पडली. २९ ला दुसरी. वास येतो. अशी सुरई म्हातारी होऊन वरून वाळते, हे मला माहीत आहे. ही खालून सडत आहे. कुंडीतले मॉस, म्हणजे शेवाळ, बदलले. बुरशीचे औषध मारले. वारा येण्यासाठी जाळी एका बाजूने उघडली. जागा, ऊन, पाणी काही बदललेले नाही. मला समजत नाही. तीन उरल्या आहेत. त्यातली एक जरी गेली तर तनय घेणार नाहीत.

आई बरी आहे. आता सकाळीही जेवते. परवा म्हणाली, "उपिटाला मीठ स्वल्प कमी आहे." वर्षभरात तिने मिठाबद्दल काही म्हटले नव्हते. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायलाही जाते.

लवकर लिहावे.

आपला,
अभिराज

•

पाचगणी
८ ऑक्टोबर २०२५

चि. अभिराज,

पाणी. मला काही सांगू नकोस, पाणीच असणार. तुझं यंत्र बारा दाखवतं, पण तू घरात नसताना कुणी बोअरचं घातलं असेल. टँकरवाल्याच्या घरात गोड्या पाण्याची काय कमतरता, पण त्या गोड्या पाण्यातच क्षार असतात. वहिनी कपडे वाळत घालायला वर जातात म्हणतोस. बादलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतत असतील. बायका पाणी वाया घालवत नाहीत. विचार त्यांना, पण रागावू नकोस.

आणि अंदाज बांधत बसण्यापेक्षा सडलेली सुरई पांढऱ्या ताटात ओत आणि बघ. माझ्या एकीत एकदा अख्खी पाल निघाली होती. झाडाला पचलं नाही की ते त्या सुरईवर पाणी सोडतं आणि पुढच्या पानाला लागतं.

इकडे शेंगा धरल्यात. बोटांत धरून दाबल्या तर घट्ट लागतात. पहिलीच खेप आहे माझी, म्हणून फार बोलत नाही.

श्यामला

•

येलहंका
१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

ती. श्यामलाअक्का,

दुपारचे दोन. आई झोपली आहे. मी पायरीवर बसून लिहीत आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे शनिवारी सकाळी ताट घेऊन वर गेलो आणि मोठी सुरई ओतली. भात निघाला. मटणाचा तुकडा निघाला, पांढरा पडलेला. वड्याचा चुरा. दुसरीत भात, रागी मुद्देचा (नाचणीच्या उकडीचा) गोळा, सारातली चिंच, आणि विड्याच्या पानाचा तुकडा. अप्पा जेवल्यावर पान खात.

आई जिन्यात उभी होती. तिच्या हातात वाटी होती.

"का ओततोस ते?" ती म्हणाली.

"आई, हे तू घातलंस?"

"मी नाहीतर कोण घालणार."

"हे झाड किडे खातं. भात नाही खात."

"दुसऱ्या दिवशी बघते तर गेलेलं असतं."

"गेलेलं नसतं. खाली बसतं. सडतं."

"तूच वाचून दाखवलंस," आई म्हणाली. "त्यांच्या हातचं कोण खात होतं ते बघा म्हणून. कावळा काय त्यांच्या हातचं खात होता? ह्यालाच घालायचे. जेव बाळा म्हणायचे."

"ते एका दिवसाचं होतं. अमावास्येचं. रोज कशाला?"

"ते रोज जेवायचे ना?"

ती पुढे म्हणाली, "ते जेवले की मग मी जेवायची. आधी पण तसंच होतं."

मी तिला सांगितले की झाड विकले आहे. तनयचे नाव सांगितले, रक्कम सांगितली, तारीख सांगितली. तिने ऐकले. "सरी," म्हणाली. ताट माझ्या हातातून घेतले, खाली नेऊन घासले.

त्या दिवशी ती जेवली नाही. रविवारी जेवली नाही. ताट समोर ठेवले तर म्हणाली, "तू खा, मला भूक नाही," आणि भिंतीकडे पाहत बसली, पूर्वीसारखी. सोमवारी सकाळी मी वाटीत थोडा भात घालून वाटी जिन्याच्या कट्ट्यावर ठेवली. तिने वाटी उचलली, वर गेली, खाली आली, आणि दोन चपात्या खाल्ल्या.

मी रोज ती खाली आल्यावर वर जातो आणि चमच्याने भात काढून टाकतो. सगळा निघत नाही. तिसरी सुरई आज काळी पडली.

तनयला अजून कळवलेले नाही. मी काय करावे ते विचारत आहे. घाई आहे.

आपला,
अभिराज

•

पाचगणी
२२ ऑक्टोबर २०२५

चि. अभिराज,

दिवाळीत टपाल थांबतं म्हणून हे पत्र एका ओळखीच्या मुलाबरोबर वाईला पाठवून तिथून स्पीड पोस्ट करते आहे.

ती ओळ मी लिहिली. पाण्याबद्दल तुझ्यावर ओरडले आणि झाडाला खायला मीच घातलं होतं, चारशे कोसांवरून.

काय कर ते मला सांगता येत नाही. विकलंस तर वहिनी जेवणार नाहीत, हे तू मला सांगतोस. ठेवलंस तर कर्ज आहे, आणि झाडही राहील याची खात्री नाही. यात मला कळण्यासारखं काही नाही. मी फक्त माझी अर्धी राहिलेली गोष्ट पुरी लिहिते. सोबतचा कागद वहिनींचा आहे. वाचून दाखव किंवा नको दाखवू. एकदा वाचायला लावून मी बसले आहे.

श्यामला

(सोबतचा कागद)

मथुरावहिनी, कुत्र्याची ती गोष्ट मी पुरी सांगितली नव्हती. ते म्हातारं होतं. मी त्याला रोज ह्यांच्याएवढं वाढायला लागले, आणि ते खायचं, कारण ह्यांच्या ताटातलं होतं. पंधरवड्यात आजारी पडलं. डॉक्टर म्हणाले, बाई, कुत्र्याला कुत्र्याएवढं घाला. मग मी तसं घातलं. पुढे तीन वर्षं होतं.

तुमच्या झाडाला आठवड्याला एक मुंगी पुरते. विश्वासरावांचं जेवण मी पाहिलंय. माझ्या ओट्याशी बसून अकरा पोळ्या खाल्ल्या होत्या. तेवढं त्याच्या पोटात मावायचं नाही. त्याला त्याच्याएवढं घाला. बाकीचं तुम्ही खा. ताटात टाकलेलं त्यांना खपत नव्हतं, माझ्या मुलीला त्यावरून बोलले होते.

•

येलहंका
३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

ती. श्यामलाअक्का,

सकाळचे अकरा. बँकेत जाऊन आलो.

तुमचा कागद शुक्रवारी मिळाला. आईला वाचून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी झाड जाणारच होते.

शनिवारी तनय अकराला आले. गाडीत मागची सीट काढून त्यांनी फोम अंथरला होता. वर आले, झाड पाहिले, सुरया मोजल्या. मग म्हणाले, "अरे यार अभिराज, तू फोटो पाठवलेस तेव्हा पाच होत्या. आता दोनच?" मी म्हटले, "हो. सडल्या." कारण सांगितले नाही. ते म्हणाले, "चाळीसला घेऊन जातो. आफ्टर ऑल, मदर प्लँट हेल्दी आहे. माझ्याकडे ग्लासचं कॅबिनेट आहे, मिस्ट ऑटोमॅटिक, लाइट ऑटोमॅटिक. कोणी हात पण लावायची गरज नाही."

आगाऊ वजा जाऊन वीस मिळाले असते तरी कर्ज तेवढे हलके झाले असते. मी होय म्हणणार होतो.

तेवढ्यात आई वाटी घेऊन वर आली. तनयनी नमस्कार केला. तिने वाटीतला भात चिमटीत घेतला. ते म्हणाले, "काकू, भात? ते नॉनव्हेज आहे ना."

"अमावास्येला मटणच घातलं होतं," आई म्हणाली.

तनय माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही ह्याला काय घालणार?" आईने त्यांना विचारले.

"काही नाही काकू. काही घालावं लागतच नाही. आत बंद असेल ना, सगळं मशिन करतं."

"कोणी जेवायला घालणार नाही?"

"नाही नाही, काही टेन्शन नाही."

आईने चिमटीतला भात परत वाटीत टाकला. वाटी कठड्यावर ठेवली. "सरी," म्हणाली आणि खाली गेली. एक-एक पायरी बसत उतरली, तिचे गुडघे दुखत नसतानाही.

तनय कुंडी कशी उचलायची ते बघत होते. कठड्यावर कबुतरे आली आणि वाटीतला भात खाऊ लागली. मी ती हाकलली. ती परत आली. मी परत हाकलली. मग तनयना म्हटले, "विकायचे नाही."

ते चांगले आहेत. ओरडले नाहीत. "फाइन, पण अॅडव्हान्स?" एवढेच म्हणाले. खात्यात बारा हजार होते, दिवाळीच्या विक्रीचे. ते आज पाठवले. आठ हजार राहिले. ते म्हणाले, बी आले तर दोन रोपे द्या, फिटले समजू. मी म्हटले, बी उगवेलच असे नाही, म्हणून पैसेच देणे धरतो.

संध्याकाळी आईला तुमचा कागद वाचून दाखवला. अकरा पोळ्यांपाशी ती म्हणाली, "तेरा. मला येऊन सांगितलं होतं."

"मुंगी केवढी?" तिने विचारले.

"भाताच्या शिताएवढी."

"मग एक शीत?"

मी म्हटले, "चालेल."

खरे तर शीतही नको. पण एवढे चमच्याने काढता येते.

आपला,
अभिराज

•

पाचगणी
१८ जानेवारी २०२६

चि. अभिराज,

शेंगा तपकिरी होऊन उकलल्या. आत केसासारखं बी आहे, श्वास लागला तरी उडतं, म्हणून नाक बांधून बसले होते. रीतीप्रमाणे अर्धं पाठवते. मोजता येत नाही, तेव्हा थोडं जास्त गेलं असेल. ओल्या मॉसवर पसर, झाकू नकोस, आणि दीड-दोन महिने तिकडे बघू नकोस. यातलं कोण नर, कोण मादी ते कळायला सात वर्षं. मी असेन-नसेन.

तीन हजारांचं मी सोडून दिलं आहे. विश्वासरावांनी मुलीचं म्हणून तिकीट काढलं, त्यातच फिटलं. पुन्हा त्याचं नाव काढू नकोस.

झाड कसं आहे ते लिही. वहिनी कशा आहेत ते लिही.

श्यामला

•

येलहंका
१ फेब्रुवारी २०२६, रविवार

ती. श्यामलाअक्का,

सकाळचे आठ वाजून पाच मिनिटे. बी पेरून झाले. हात धुतले. तुमच्या पत्राचे उत्तर लिहीत आहे.

चौथी सुरईही डिसेंबरात गेली. पाचवी आहे. मधले दोन महिने नवीन पान आले नव्हते. आता एक आले आहे आणि त्याच्या टोकाला सुरई धरली आहे, करंगळीएवढी. झाकण अजून बंद आहे. आई रोज बघते. मी सांगितले, आपणहून उघडेपर्यंत हात लावायचा नाही. ती म्हणाली, "मला काय कळत नाही का? तू पण दहा दिवसांनी डोळे उघडले होतेस." हे खरे नसावे.

रोज सकाळी ती एक शीत घालते. खाली येऊन जेवते. मी वर जाऊन ते काढतो. काल ती जिन्यात थांबली होती. मी चमचा घेऊन जाताना तिने पाहिले. बाजूला सरून मला वाट दिली. आज सकाळी कट्ट्यावर वाटी होती आणि वाटीत चमचा धुऊन ठेवलेला होता.

मी काय लिहितो आहे ते तिने आत्ता विचारले. म्हणाली, अप्पांची ती ओळ खाली घाल. मी म्हटले, टँकर नाही आता. ती म्हणाली, "मग माझा नमस्कार घाल." घातला आहे.

तुम्ही सोडून दिले म्हटले तरी ते अप्पांच्या नावावरचे आहे, म्हणून खाली लिहिले आहे.

खर्च
बटर पेपर, पोस्ट: रु. ३८६
मॉस, बुरशीचे औषध: रु. ७४०
तनयना परत: रु. १२,०००

देणे
तनय: रु. ८,०००
टँकरचे कर्ज: रु. ५१,५००
श्यामलाअक्का, २०१९ पासून: रु. ३,०००

भात, रोज एक शीत: धरलेला नाही.

आपला,
अभिराज

मथुरेचा नमस्कार.